चंगळ कोणाची?

‘चंगळवाद’ हा शब्द आपण प्रवचनांतून फार सैलपणे वापरतो. वस्तुतः ‘चंगळ’ निष्पाप आहे : नाताळात घरी गोडधोड झाले, मुलांची चंगळ झाली! भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजत कणीस खाणारे कामगार कुटुंब आपल्याला चंगळवादी दिसते. लोणावळ्यातला, वर्षातून चार रात्री उघडणारा, पोहण्याच्या तलावाचा बंगला मात्र ‘प्रतिष्ठित’. याच मावळात पवनेचे पाणी बंद नळातून शहराकडे नेण्यास विरोध करताना, ९ ऑगस्ट २०११ रोजी, बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. सात प्रमुख पापांतला ‘लोभ’ आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्या बंगल्यासमोर तो शब्द जिभेवर का येत नाही? अशा वास्तूंना आशीर्वाद द्यायला मीही गेलो आहे. जेवूनही आलो आहे.