स्टारचा अर्थ लावतो कोण?

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांना मी हमखास विचारतो : युनिक्सवर ‘आरएम *.लॉग’ असा फाइली पुसण्याचा हुकूम दिला, तर त्या स्टारचा अर्थ कोण लावतं? बहुतेक जण छातीठोकपणे सांगतात, ‘आरएम’. तिथेच गाडी घसरते. आरएमला स्टार दिसतच नाही. जुळणाऱ्या फाइलींची नावं शेल, म्हणजे आपला हुकूम वाचणारा प्रोग्राम, आधीच शोधतो आणि तयार यादी त्याच्या हाती ठेवतो.

म्हणून स्टार आणि टिंब यांच्यामध्ये चुकून स्पेस पडली की घात झालाच. सुटा स्टार म्हणजे फोल्डरमधली सगळी नावं (टिंबाने सुरू होणारी तेवढी वाचतात). आरएम मुकाट्याने एकेक फाइल पुसतो आणि वर ‘.लॉग’ नावाची फाइल सापडत नाही म्हणून कुरकुरतो!

डॉसमध्ये स्टारचा अर्थ लावायचं काम ज्या त्या हुकमाने करायचं. त्यामुळे तिथला ‘डेल *.*’ निदान ‘नक्की ना?’ असं विचारायचा. युनिक्सच्या 1971च्या आवृत्तीत यासाठी ‘ग्लॉब’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम होता. पुढे ते काम शेलनेच पोटात घेतलं. मला हीच रीत पटते. नियम एके ठिकाणी, सगळ्या हुकमांना सारखे.

पण आपल्या कॉलेजांत काय शिकवतात? स्टार म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे एकच. दोन गुण मिळाले, विषय संपला. प्रात्यक्षिकात आरएमच्या जागी आधी ‘एको’ लिहायला लावा, शेलने केलेली यादी पडद्यावर दिसेल. ती वाचल्याशिवाय पुढचा हुकूम देऊ देऊ नये.