बेफिकिरी नव्हे, आजार

संप फसला वा कारखाना मिटला की कामगारांत नैराश्य पसरले, असे लिहून आपण मोकळे होतो. वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्य म्हणते, तो मात्र आजार आहे. आणि तो केवळ मन खिन्न करीत नाही, बुद्धीच्या व्यवहारालाही मांद्य आणतो. लक्ष ठरत नाही, नुकतेच ऐकलेले निसटते, साधा निर्णयही डोंगराएवढा वाटतो. खिन्नता ओसरल्यावरही हे मांद्य पुष्कळांत रेंगाळते.

१९३०च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावची कापडगिरणी बंद पडली. मारी याहोडा व तिच्या सहकाऱ्यांनी तेथील बेकारांचा अभ्यास १९३३मध्ये प्रसिद्ध केला. वेळ मुबलक होता, वाचनालयाची फी माफ होती. तरी पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. सारेच आजारी होते असे नव्हे. परंतु बेकारीने बुद्धीची उमेदही खचते, हे त्यातून दिसले.

मोहने-आंबिवलीचा एनआरसी कारखाना २००९मध्ये बंद पडला. हक्काच्या देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. असा लढा म्हणजे अर्ज, तारखा, कागदपत्रे. म्हणजेच अखंड अवधान. नैराश्य नेमके तेच हिरावून घेते. मग अर्ज अर्धवट राहतो, साथी बैठकीला येईनासा होतो. मालक त्याला अकार्यक्षम ठरवतो आणि आपण बेफिकीर! दोन्ही निवाडे सारखेच अन्यायाचे आहेत.

समाजव्यवस्था पालटली की हे दुःख आपोआप सरेल, असे म्हणणेही पुरेसे नाही. आजाऱ्याला आज उपचार हवा. ठाण्यात १९०१पासून मनोरुग्णालय आहे. शासकीय सेवेतून मानसोपचार मिळणे हा २०१७च्या कायद्याने हक्क ठरला आहे. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी रुग्ण उपचारांविना आढळले. रोजंदारी बुडवून डोंबिवलीहून ठाणे गाठणे ज्याला परवडत नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या प्रत्येक दवाखान्यात संध्याकाळी मानसोपचार मिळावा, आणि या आजारासाठी पगारी रजा मिळून नोकरी सुरक्षित राहावी, या मागण्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रात आल्या पाहिजेत. तोवर अशा साथीशेजारी बसून त्याचा अर्ज भरून देणे, तारखेची आठवण ठेवणे, त्याला दवाखान्यात नेणे, हेही संघटनेचेच काम होय.