पाणी अडवणारा इंजिनीअर आठवतो, पाणी वाटणारा विसरलो!

पोळा झाला की आपल्या चिखली तालुक्यात माणसाची नजर दोन ठिकाणी लागलेली असते. एक सोयाबीनच्या शेंगांवर आणि दुसरी तलावाच्या सांडव्यावर. सांडवा वाहिला की गाव खूश. यंदा हरभऱ्याला पाणी आहे, गव्हाला पाणी आहे, असं जो तो म्हणतो. याच दिवसांत, १५ सप्टेंबरला, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची जयंती येते. अभियंता दिन म्हणून ती साजरी होते. फोटोला हार पडतो, भाषणं होतात, चहा होतो आणि जो तो आपापल्या टेबलाकडे परत. मला मात्र या माणसाची आठवण येते ती पौष महिन्यात, कालव्याच्या शेवटच्या टोकावर, कोरड्या चारीत उभं राहिल्यावर.

काही वर्षांपूर्वी अशाच एका चारीवर मी हरभऱ्याचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. बियाणं चांगलं, बीजप्रक्रिया केलेली, पेरणी वेळेवर. फुलोऱ्याच्या आधी एक आणि घाटे भरताना एक, अशी दोनच पाणी द्या, असं मी सांगितलं होतं. तलाव काठोकाठ भरलेला होता. पण वरच्या अंगाला रात्रंदिवस मोटरी चालू. खालच्या वावरात पहिलं पाणी उशिरा आलं आणि दुसरं आलंच नाही. मी गेलो तेव्हा तो भला माणूस धुऱ्यावर बसून म्हणाला, "साहेब, तुमी सांगतलं तसं सारं केलं. पन पानी काई कागदावरून वावरात येत नाई ना!" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शिफारस माझी होती, नुकसान त्याचं झालं.

याच प्रश्नाला विश्वेश्वरय्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हात घातला होता, तोही आपल्या महाराष्ट्रात. त्यांचं नाव निघालं की आपल्याला म्हैसूर आणि कृष्णराजसागर आठवतं. पण १८६१ साली मुद्देनहळ्ळी या गावी जन्मलेला हा माणूस इंजिनीअर झाला पुण्यात. वडील लहानपणीच गेले, शिकवण्या करून शिक्षण घेतलं. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. पहिली नेमणूक नाशिकला. नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांनी धुळ्याकडे पांझरा नदीवर दातर्तीजवळ पाण्याचा सायफन बांधला. पुढं सिंधमध्ये सक्करला शहराचा पाणीपुरवठा केला. नोकरीची सुमारे चोवीस वर्षं त्यांनी या इलाख्यातच काढली.

खडकवासल्याची त्यांची स्वयंचलित दारं प्रसिद्ध आहेत. पुण्याला पाणी कमी पडत होतं आणि पावसाळ्यात पूर सांडव्यावरून वाहून जात होता. धरणाची भिंत वाढवण्याऐवजी त्यांनी सांडव्यावर अशी दारं बसवली, की पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की ती आपोआप उघडतील आणि उतरलं की आपोआप मिटतील. १९०३ साली ती बसली. जुन्याच धरणात सुमारे आठ फूट पाणी जास्त मावू लागलं. ही गोष्ट भाषणात सांगायला सोपी आहे. दिसणारी आहे, टाळ्यांची आहे.

पण त्याआधी, १८९९ च्या सुमारास, नीरा कालव्यावर त्यांनी जे केलं ते कोणी सांगत नाही. नीरेचा डावा कालवा काढला होता दुष्काळापासून बचाव म्हणून. अनुभव काय आला? पाऊस चांगला झाला की काळ्या जमिनीचा शेतकरी कालव्याकडे फिरकायचा नाही. पाऊस गेला की सगळ्यांची एकदम झुंबड. पाणी लागायचं त्या वर्षी पुरायचं नाही आणि पुरायचं त्या वर्षी कोणी घ्यायचं नाही. त्यात कालव्याच्या तोंडाजवळची गावं ऊस लावून पाणी ओढायची. तिथल्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या, मलेरिया वाढला. खालची गावं कोरडीच.

विश्वेश्वरय्यांनी यावर नवं धरण मागितलं नाही. त्यांनी 'ब्लॉक' पद्धत काढली. ब्लॉक म्हणजे गट. कालव्याखालच्या अनेक गावांत जमिनीचे गट पाडायचे. गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावरच ऊस, बाकीवर कमी पाण्याची पिकं, आणि उसाची जागा पाळीपाळीने बदलायची. गटाला ठरलेलं पाणी ठरलेल्या वेळी, अगोदर कबूल करून द्यायचं. म्हणजे पाणी मोजक्या गावांत न मुरता बऱ्याच गावांत पसरतं, जमीन खराब होत नाही आणि पेरणीच्या आधीच शेतकऱ्याला ठाऊक असतं की आपल्याला किती पाणी आहे. शेतकऱ्यांनी आधी विरोध केला. सरकार जमिनी घेतं की काय, अशी धास्ती होती. पण समजूत पटली, आणि पुढं हीच पद्धत कृष्णराजसागरच्या कालव्यावरही गेली.

इथं खरं तेच सांगितलं पाहिजे. इंग्रज सरकारला या पद्धतीत गोडी होती ती पाणीपट्टी वाढण्याची. आणि पुढं पश्चिम महाराष्ट्रातल्या कालव्यांवर उसाने तिसऱ्या हिश्श्याची वेस केव्हाच ओलांडली. म्हणजे पद्धत चांगली असून भागत नाही, ती राखणारा माणूस लागतो. विश्वेश्वरय्या ज्या भागात नवशिके इंजिनीअर म्हणून फिरले, त्या पांझरा-मोसम नद्यांच्या काठी फार जुनी फड पद्धत होती. तिथं कोणत्या फडात कोणतं पीक हे शेतकरी मिळून ठरवत आणि पाणी फिरवायला स्वतःचा पाटकरी नेमत. इंजिनीअरचं डोकं आणि गावाचा पाटकरी, दोन्ही असतील तरच पाणी टोकाला जातं.

आता आपल्याकडे पाहू. पैनगंगेवर पेनटाकळी आहे, खडकपूर्णेवर संत चोखासागर आहे, गावोगाव लहानमोठे तलाव आहेत. वैनगंगेचं पाणी गोसीखुर्दपासून नळगंगेपर्यंत आणायच्या ४२६ किलोमीटरच्या योजनेला २०२४ साली सरकारने मंजुरी दिली. पाणी यावंच, कोणाला नको आहे? पण घरातल्या रांजणाचं पाणी नीट वाटता येत नसेल, तर दारात नदी आणून काय होणार? नीरेवर जे होत होतं तेच आपल्याकडे होतं. परतीचा पाऊस चांगला झाला की सात नंबरचा पाणी मागणी अर्ज भरायला कोणी जात नाही. जमिनीची ओल तुटली की मात्र सगळे एकाच दिवशी गेटवर हजर. मग ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी. बळी तो कान पिळी!

साधा हिशेब करा. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, हरभरा दोन पाण्यांवर निघतो. एक एकर गव्हाच्या पाण्यात दोन-अडीच एकर हरभरा भिजतो. तुषार संच असेल तर आणखी थोडा. गहू पेरू नका असं मी म्हणत नाही, घरी पोळी लागतेच. पण तलावाखाली किती एकर गहू आणि किती हरभरा, हे पेरणीच्या आधी सगळ्यांनी बसून ठरवायला काय हरकत आहे?

कायदाही आपल्या बाजूचा आहे. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थेला पाणी मोजून घ्यायचा हक्क दिला. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने, शेतकऱ्यांनी १९९० च्या सुमारास संस्था काढल्या, त्याही कालव्याच्या शेवटच्या टोकावर. ज्यांना पाणी मिळत नव्हतं तेच आधी उठले. ते आपल्यासारखेच शेतकरी होते.

म्हणून दसऱ्याच्या आधी चार गोष्टी करा. मागणी अर्ज वेळेवर भरा. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची बैठक लावून पिकांचं क्षेत्र ठरवा. पाळीपत्रक लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि पहिली पाळी टोकापासून सुरू करा. गावाने स्वतःचा एक पाटकरी नेमा, आणि त्याने गेट बंद केलं तर त्याच्याशी भांडू नका.

बोट फक्त तुमच्याकडे दाखवून मी मोकळा होणार नाही. आम्ही विस्ताराचे लोक वाण सांगतो, खत सांगतो, फवारणी सांगतो. पण तुमचं वावर कोणत्या चारीवर, कितव्या पाळीत, हे विचारत नाही. पाटबंधारेवाले पाणी सोडतात, पीक विचारत नाहीत. आमची दोन खाती एका सतरंजीवर बसत नाहीत तोवर आमचा सल्ला अर्धाच. यंदा मी तरी प्रात्यक्षिक देण्याआधी पाळीपत्रक मागणार आहे आणि पहिलं प्रात्यक्षिक टोकाच्या वावरात घेणार आहे.

विश्वेश्वरय्या १९६२ साली शंभर वर्षांचे होऊन गेले. त्यांच्या फोटोला हार जरूर घाला. पण पौषात शेवटच्या चारीत पाणी पोचलं, तर त्या दिवशी त्यांची खरी जयंती झाली असं समजा.