दवाखान्याची ‘कृषिदर्शनी’ कधी निघणार?

कांद्याच्या ‘बसवंत-७८०’ या वाणाच्या नावातच आपल्या तालुक्यातलं गाव आहे. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रावर हा वाण तयार झाला आणि तिथून शेतकऱ्यांच्या वावरात गेला. त्यावर शास्त्रज्ञांनी कोणत्या इंग्रजी नियतकालिकात काय लिहिलं, हे शोधत बसायची वेळ निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्यावर आली नाही. याचं कारण असं की प्रयोगशाळा आणि वावर यांच्यामध्ये एक साखळी उभी आहे. विद्यापीठांचं संशोधन संयुक्त समितीपुढे जातं, तिथे शिफारस मंजूर होते, मग ती राहुरीच्या ‘कृषिदर्शनी’त मराठीतून छापली जाते, मेळाव्यात सांगितली जाते, गावपातळीवरचा कर्मचारी ती बांधावर नेतो. ही साखळी कुठे गंजली आहे, कुठे तुटली आहे, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे आणि ते तोंडावर सांगतातही. पण साखळी आहे.

आता हाच प्रश्न दवाखान्याच्या दारात विचारून पाहा. माणसाच्या आजारावर जगात रोज संशोधन छापलं जातं. ते ज्याच्या आजारावर आहे त्या रुग्णापर्यंत पोहोचवायला कोण आहे?

उदाहरण मुद्दाम शेतातलंच घेऊ. विंचू. चाळीतला कांदा काढताना, बांधावरचा दगड उचलताना, पाचट गोळा करताना विंचू चावतो. लाल विंचवाचं विष थेट हृदयावर जातं. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सत्तरच्या दशकात असे रुग्ण डोळ्यांदेखत दगावताना पाहिले. हा डॉक्टर मूळचा जालना जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. हाताशी मोठी यंत्रं नव्हती. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं या खुणा दिसल्या की धोका जवळ आला, हे त्यांनी ओळखलं आणि १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो निबंध छापून आला. पुढे रक्तदाबावरचं प्रॅझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांवर वापरलं. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले पंचवीस-तीस जात. वेळेवर प्रॅझोसिन मिळू लागल्यावर हे प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आता गंमत पाहा, अर्थात तिला गंमत म्हणवत नाही. संशोधन कोकणातलं, रुग्ण कोकणातले शेतकरी आणि मजूर, डॉक्टर सरकारी नोकरीत. पण १९८२चा तो निबंध इंग्रजीत, आणि आजही पैसे मोजल्याशिवाय तो पूर्ण उघडत नाही. अशी नियतकालिकं एकेका लेखाला तीसेक डॉलर मागतात. भाव पडलेल्या दिवशी दोन-अडीच क्विंटल कांदा विकावा, तेव्हा कुठे चार पानं वाचायला मिळतील! याच डॉक्टरांचा २०११ सालचा निबंध मात्र ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आहे. नुसतं प्रॅझोसिन आणि प्रॅझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस, यांची तुलना त्यात केली आहे. तो जगातल्या कोणालाही फुकट वाचता येतो. म्हणजे कुलूप काढता येतं. ज्यांनी काढायचं ठरवलं त्यांनी काढलं.

कुलूप काढण्याचं काम जगभर चालू आहे, हे मान्य केलं पाहिजे. अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाने १९९७ साली ‘पबमेड’ ही संशोधनाची सूची सर्वांसाठी फुकट खुली केली. ज्याच्या फोनमध्ये इंटरनेट आहे तो ती आजही पाहू शकतो. त्याच १९९७ साली मुंबईत डॉ. अनिरुद्ध मालपाणी आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी खास रुग्णांसाठी मोफत आरोग्य ग्रंथालय सुरू केलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ही फुकट वाचता येतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये आणि सुमारे तेरा हजार नियतकालिकं. पैसा मोठा आहे, पण दार उघडलं ते सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर त्यात बसत नाही, गावचं ग्रंथालय बसत नाही, मग रुग्णाचं तर नावच नको. करदात्याच्या पैशाने विकत घेतलेलं वाचन करदात्याला बंद, हे काही पटत नाही.

यावर शहाणी माणसं म्हणतात, अहो, अडाणी रुग्णाच्या हातात संशोधन देऊन तो करणार काय? उलट गोंधळ वाढेल.

याचं उत्तर गडचिरोलीने देऊन ठेवलं आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत, जेमतेम शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. घरच्या घरी वजन, ऊब, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. हा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ज्या बायकांना तो इंग्रजीत वाचता आला नसता त्यांनीच तो घडवला होता. तेव्हा अडाणीपणाची सबब बाजूला ठेवावी. अडचण भाषेची आहे, आणि समजावून सांगणाऱ्याची आहे.

गोंधळाची भीती मात्र अगदीच खोटी नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारा काढा आणि तपासून छापलेलं संशोधन यांतला फरक कळला पाहिजे. हा फरक शेतकऱ्याला शिकवायला फार वेळ लागणार नाही, असं माझं मत आहे. एका हंगामात, एका प्लॉटवर औषध चाललं म्हणून विद्यापीठ शिफारस देत नाही. तीन-तीन वर्षं, वेगवेगळ्या जमिनींवर चाचण्या होतात, शेजारी औषध न मारलेला प्लॉट ठेवतात, मग बोलतात. माणसाच्या औषधाचंही तसंच आहे. वीस रुग्णांवरचा प्रयोग आणि दोन हजार रुग्णांवरचा प्रयोग एका तागडीत घालायचे नाहीत. उंदरावर चाललेलं औषध माणसावर चालेलच असं नाही. आणि वाचून स्वतःच गोळी घ्यायची नाही. वाचून डॉक्टरला प्रश्न विचारायचा. विंचू चावला की मांत्रिकाकडे तासभर घालवण्याऐवजी सरळ दवाखाना गाठून ‘साहेब, प्रॅझोसिन आहे का?’ एवढं विचारता आलं तरी पुष्कळ.

मग करायचं काय? दिल्लीची कुलपं दिल्लीत निघतील तेव्हा निघतील. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ पासून एकेका आजाराच्या उपचाराचे थोडक्यात तक्ते काढायला सुरुवात केली. ते परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पण इंग्रजीत आणि डॉक्टरांसाठी. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने त्यातले आपल्या भागाला लागणारे निवडून मराठीत, रुग्णाला कळतील असे उतरवावेत. विंचूदंश, सर्पदंश, फवारणीची विषबाधा, मधुमेह, रक्तदाब, क्षय. आपल्या द्राक्षपट्ट्यात फवारणीचं प्रमाण पाहता विषबाधेचा तक्ता तर प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर हवा. शिवाय आपल्या जिल्ह्यातल्या लोकांचं रक्त, नोंदी, मुलाखती घेऊन जे कोणी संशोधन करतील, त्यांनी निष्कर्षाचं एक पान मराठीत त्या गावाला परत दिलं पाहिजे, ही अट परवानगी देतानाच घालावी. माती परीक्षणाला नमुना दिला की अहवाल मिळतो. माणसाच्या रक्ताला तेवढाही मान नसावा का?

पैशाचा प्रश्न गावात सुटण्यासारखा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे. तो कुठे फिनेलवर जातो, कुठे पडून राहतो. त्यातून चार तक्ते छापून अंगणवाडी, ग्रामपंचायत, सोसायटी आणि वाचनालयात लावायला कोणाची मंजुरी आणायला नको, समितीचा ठराव पुरेसा आहे. आशाताईंनी ते महिन्यातून एकदा वाचून दाखवावेत. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, आणि त्या दिवशी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून पहिला प्रश्न हाच विचारावा, की आपल्या केंद्रात प्रॅझोसिन आणि सापाची प्रतिलस आज शिल्लक किती आहे.