तेजस आपले, इंजिन कुणाचे?

तेजस आकाशात झेपावले की आपली छाती फुगते. पण त्याच्या पोटातले इंजिन अमेरिकेच्या जीई एरोस्पेसचे आहे. या परावलंबनाची किंमत आपण सगळेच मोजतो आहोत. म्हणून हे चार मुद्दे.

१. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने २०२१ मध्ये तेजससाठी जीईकडे ९९ एफ-४०४ इंजिनांची मागणी नोंदवली. पहिले हाती यायला मार्च २०२५ उजाडला. त्याच वर्षी सप्टेंबरात मिग-२१ विमाने निवृत्त झाली आणि मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी हवाई दलाकडे २९ उरल्या. उशीर एकवेळ सोसता येईल, पण नकार? १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतरच्या अमेरिकी निर्बंधांची झळ तेजस प्रकल्पाने सोसलेली आहे. इंजिन ज्याच्या हाती, विमान कधी उडणार हे ठरवणाराही तोच.

२. पण जीईच्या नावाने बोटे मोडून काय साधणार? १९४१ मध्ये अमेरिकी लष्कराने जेट इंजिनाचे काम सोपवले, तेव्हा ही कंपनी या क्षेत्रात आली. बी-१ बॉम्बरच्या एफ-१०१ इंजिनाचा गाभा पुढे फ्रान्सच्या स्नेक्माबरोबर बनवलेल्या सीएफएम-५६ मध्ये आला आणि जगभरची प्रवासी विमाने त्यावर उडू लागली. ही मक्तेदारी सरकारी पैशाने आणि दशकांच्या चिकाटीने उभी राहिली आहे.

३. आपण काय केले? १९८९ मध्ये कावेरी इंजिनाला मंजुरी दिली आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे काढले. वजन जास्त, जोर कमी, हे खरेच. पण २०१० मध्ये हे इंजिन हवेत तपासायला रशियाचे आयएल-७६ विमान गाठावे लागले, त्याचे काय? शास्त्रज्ञांना नापास ठरवणाऱ्यांनी आधी त्यांना उडती प्रयोगशाळा का दिली नाही, याचे उत्तर द्यावे.

४. जीईच्या चाकणमधल्या कारखान्यात इंजिनांचे सुटे भाग बनतात. कुशल हातांची वाण आपल्याकडे नाही. जीईची एफ-४१४ इंजिने भारतात बनवण्याची घोषणाही २०२३ मध्ये झाली. मात्र इंजिनाच्या तप्त भागातली पाती घडवण्याची विद्या मिळणार की नुसती जुळणी? जुळणीवर समाधान मानणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे. उड्डाण-चाचणीची स्वतःची सोय, सरकार बदलले तरी न आटणारा निधी आणि संसदेपुढे दरवर्षी प्रगतीचा हिशेब, एवढे तरी आपल्या खासदाराकडे मागा. करदात्याने जाब विचारला नाही, तर पुढच्या पिढीलाही इंजिनासाठी परदेशी रांगेतच उभे राहावे लागेल.