चक्क्याची थंडगार कुल्फी

भिलाईचा मे महिना म्हणजे परीक्षाच! पारा ४५ अंशांकडे झेपावतो आणि बारा वाजले की सेक्टरमधले रस्ते ओस पडतात. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळापासून नागपूर, भंडारा, गोंदियाकडची अनेक मराठी कुटुंबे इथे स्थायिक होत गेली. ऊन त्यांना नवे नाही. पण सुट्टीत घरी असलेल्या मुलांच्या कानावर गाडीवाल्याची घंटा पडली, की आईची पंचाईत होते.

बर्फात गोठले की जंतू मरतात, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. थंडीत बरेचसे जंतू केवळ झोपी जातात. गोळ्याचा बर्फ अशुद्ध पाण्याचा असेल, तर कावीळ, विषमज्वर घरात यायला वेळ लागत नाही. दह्यातले उपकारक जंतूही असेच गोठून बरेचसे जिवंत राहतात, ही त्यातली चांगली बाजू. म्हणून दूध, पाणी आणि हात आपल्या खात्रीचे असतील, तरच गोठवलेला खाऊ पौष्टिक!

नुसते दही फ्रीजरमध्ये ठेवले तर त्यातल्या पाण्याचे खडे होतात. उपाय मराठी स्वयंपाकघरात आधीपासूनच आहे, तो म्हणजे चक्का. एक लिटर सायीच्या दुधाचे दही लावा. उन्हाळ्यात चार-पाच तासांत ते लागते. लागताच फ्रीजमध्ये ठेवा. पुरचुंडी मात्र नळाला टांगू नका, या उन्हात तासाभरात आंबट होईल. पातेल्यावर चाळणी, चाळणीत फडके, असे सगळे रात्रभर फ्रीजमध्येच राहू द्या. खाली साठलेल्या पाण्यात कणीक भिजवा.

चक्क्यात वाटीभर आमरस, चार-पाच चमचे साखर, वेलदोड्याची पूड घालून घोटा. थंड जिभेला गोडी कमी लागते, म्हणून चव किंचित गोडच ठेवा. साखर अजिबात वगळली तर कुल्फी दगडासारखी होते. साखरेमुळेच ती मऊ राहते. आंब्याऐवजी चिकू, केळेही छान. कलिंगड नको, त्यात पाणीच फार. साचे नसतील तर स्टीलच्या लहान वाट्या चालतात. दोन तासांनी एकदा ढवळा, म्हणजे बर्फाचे कण मोडतात. पुढे चार तास हात लावू नका (मुलांना हे सांगणे कठीणच!). खाण्याआधी पाच मिनिटे बाहेर काढा.

लहानग्यांसाठी याच मिश्रणाचे छोटे ठिपके तूप लावलेल्या ताटलीत घाला. तासाभरात घट्ट होतात, मग डब्यात भरून ठेवा. अगदी लहान मुलांना मात्र ते जरा मऊ करूनच द्या. वर द्राक्षे लावायची असतील तर उभी चार भागांत चिरून, कारण अख्खे द्राक्ष घशात अडकते. मधुमेह असलेल्या आजोबांची वाटी लहान असावी. आंब्याचीही साखरच असते.

वीज गेली आणि सगळे वितळले, तर पुन्हा गोठवू नका. गार आहे तोवरच त्यात ताक घालून घुसळा, जायफळ किसा आणि पियूष म्हणून सर्वांना पाजा.