आठ अँटेनांचा राउटर

या आठवड्यात मला राग आला तो आळेफाट्यावरच्या एका दुकानात. चुलतभावाला गोठ्यातल्या कॅमेऱ्यासाठी राउटर घ्यायचा होता, म्हणून सोबत गेलो होतो. दुकानदाराने कोळ्यासारखा दिसणारा आठ अँटेनांचा राउटर पुढे केला. ‘काका, अँटेना जेवढ्या जास्त, तेवढी रेंज जास्त.’ किंमत दहा हजारांच्या घरात. दुधाचे दोन पगार त्यात गेले असते.

हा कॅमेरा काही हौसेचा नाही. आमच्याकडे ऊस परसापर्यंत आला आणि त्याच्यासोबत बिबट्याही आला, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. वहिनी पहाटे धारेला निघण्याआधी मोबाइलवर गोठा बघतात. ते चित्र मध्येच गोठलं, तर त्यांनी दाराची कडी काढायची की नाही?

रेंज दोन्ही बाजूंनी लागते. राउटर कितीही मोठ्याने बोलला, तरी कॅमेऱ्याचं उत्तर त्याच्या बोटभर अँटेनातूनच येणार. मध्ये जुन्या घराची दगडी भिंत आणि गोठ्याचा पत्रा. पत्रा तर लहरी परतवूनच लावतो. शिवाय स्वस्तातले बहुतेक कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वेगाचा त्यांना काही उपयोग नाही.

मग घ्यायचं काय? वायर. कॅट-५ई केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. पीओई स्विच आणि पीओईवर चालणारा कॅमेरा घेतला, तर त्याच केबलमधून वीजही जाते, गोठ्यात वेगळा अ‍ॅडॅप्टर लावावा लागत नाही. कॅमेऱ्यांना शंभर एमबीपीएसचा स्विच पुरतो. इंटरनेटवाल्याने बसवून दिलेला राउटर आहे तसाच राहू द्यावा. वाचलेल्या पैशांतून त्याला आणि स्विचला बॅटरी बॅकअप घ्यावा, कारण वीज नेमकी रात्रीच जाते. केबल घेताना मात्र टोक सोलून तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. ती परत करा.

हे सगळं त्या दुकानदाराला ठाऊक होतं. त्याच्याच दुकानात केबलचं भेंडोळं टांगलेलं होतं. पण मीटरवर विकायच्या मालात सुटतं किती? गरजू माणसाच्या भीतीवर महागडी वस्तू खपवणं मला सहन होत नाही. भावाला तिथून उठवलं.

परतताना त्याने विचारलं, ‘दादा, वायर म्हणजे जुनं झालं ना आता?’ मी त्याला खोडदकडे बोट दाखवलं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधोमध दाटीने, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या. टोकाच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे पंचवीस किलोमीटर अंतर. आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी ऐकायच्या म्हणून खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी कोलाहलापासून दूरचा, डोंगरांच्या आडोशाचा हा मुलूख निवडला. आणि या साऱ्या अँटेना मध्यवर्ती इमारतीशी जोडल्या आहेत त्या ऑप्टिकल फायबरने. बिनतारी जोडणी केली असती, तर जे ऐकायचं त्यातच स्वतःचा गोंगाट मिसळला असता. फायबर ना गोंगाट करतं, ना त्यातून विजेचा प्रवाह वाहतो. आकाशातल्या विजेची धास्ती असेल, तर गोठ्यापर्यंतही फायबरच ओढावं. मग कॅमेऱ्याच्या विजेची सोय मात्र तिथेच करावी लागेल.

भाऊ ऐकत राहिला. त्या पांढऱ्या तबकड्या बघतच तो मोठा झाला आहे, पण त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याची मुलगी आता आठवीत आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला शाळेच्या पोरांचं प्रदर्शन भरतं, शास्त्रज्ञ समोर उभे राहून पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. फाट्यावरून जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाची वाट. या वेळी तिला घेऊन जायचं ठरलं आहे. तुमच्या घरात शाळेत जाणारं कुणी असेल, तर तुम्हीही या.